पन्हा विचारणारे परबकाका

नव्या माणसाचं काम तपासायला घेतलं, की परबकाकांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "पन्हा कोणाक विचारलंस?" आमचं ऑफिस परळला, एका जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. काम ऑपरेटिंग सिस्टिमचं. मी रुजू होऊन चार दिवस झाले होते आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, हा शब्द मी फक्त आईबरोबर कापडाच्या दुकानात ऐकला होता. मी म्हटलं, "सर, इथे कापड कुठे आहे?"

"सर नको, काका म्हण. आणि कापड दिसत नाय म्हणून नसतं, असं नाय गो," ते म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

त्या दुपारी त्यांनी मला जे समजावलं, ते इतकं सोपं होतं की कॉलेजची चार वर्षं आपण काय केलं असा प्रश्न मला पडला. काही प्रोसेसर एकेक आकडा घेण्याऐवजी पुष्कळ आकडे एका पट्टीत शेजारीशेजारी मांडतात आणि सगळ्यांचं गणित एका फटक्यात करतात. ही पट्टी म्हणजे व्हेक्टर रजिस्टर. पूर्वी तिची रुंदी ठरलेली असायची, सगळ्यांना तोंडपाठ. आता असे प्रोसेसर आले होते, की एकाची पट्टी अरुंद तर दुसऱ्याची चौपट रुंद. एका प्रोसेसरवर अनेक प्रोग्राम आळीपाळीने चालतात. एकाची पाळी संपली की त्याची अर्धवट भरलेली पट्टी ऑपरेटिंग सिस्टिमने जपून बाजूला ठेवायची आणि पाळी आली की जशीच्या तशी परत मांडायची. रुंदी न विचारता जागा राखली आणि ती कमी पडली, तर कडेचे आकडे दुसऱ्याच्या जागेत सांडतात. वाईट म्हणजे कुठेही घंटा वाजत नाही. प्रोग्राम चुकीचे आकडे घेऊन आनंदाने पुढे चालू लागतो.

"पाळी सुटताना साचा जसा सोडलास, तसाच परत हाताक लागला पाहिजे. आपलं काम एवढंच," काका म्हणत. मागाला ते कायम साचाच म्हणत.

हे त्यांना पुस्तकातून समजलं नव्हतं. बारावी होऊन ते वडिलांच्या ओळखीने गिरणीत साचेखात्यात बदली कामगार म्हणून लागले होते. बदलीवाल्याला रोज नवा साचा मिळायचा, कालचा पन्हा आज नसायचा. म्हणून सुटणाऱ्या पाळीच्या माणसाला आधी पन्हा विचारायचा आणि मगच हात लावायचा. मग संप झाला. कायम कामगारांचेच हाल झाले, तिथे बदलीवाल्याला कोण परत बोलावणार? काकांनी दादरला कॉम्प्युटरचा क्लास लावला, एका ऑफिसात कॉम्प्युटरच्या टेप बदलायची नोकरी धरली आणि टेप फिरत असताना तिथली मॅन्युअलं वाचून काढली. लोकांना वाटायचं, आमची इमारत त्यांच्याच गिरणीच्या जागेवर असणार. हौसेने कोणी विचारलं, की काका त्याचा पार हिरमोड करत. "माझी गिरणी तिकडे करी रोडला. हय माझं कोण नव्हतं."

मी प्रोबेशनवर असताना पट्ट्या जपून ठेवण्याचा भाग माझ्याकडे आला. प्रोग्राम सुरू होताना पन्हा विचारायचा, तेवढी जागा राखायची, असं मी लिहिलं. काकांनी ते दोन दिवस तपासलं आणि म्हणाले, "बरोबर." त्यांच्या तोंडून हा शब्द निघाला की आम्ही कॅन्टीनमध्ये चहा पाजायचो. मी तर सगळ्या टेबलाला पाजला.

त्यानंतर आठवड्याने मॅन्युअल चाळताना मला एक ओळ दिसली. प्रोग्राम चालू असतानाही स्वतःचा पन्हा बदलू शकतो. म्हणजे मी सुरुवातीला राखलेली जागा मधेच कमी पडू शकत होती. पण काकांनी बरोबर म्हटलं होतं. ज्यांनी मला हे शिकवलं, त्यांना मी चार महिन्यांपूर्वी आलेली पोर जाऊन काय सांगणार? मी गप्प बसले.

महिन्याभराने एका ग्राहकाची तक्रार आली. आकडे अधूनमधून चुकत होते. आमच्या मॅनेजरबाईंनी मीटिंग बोलावली. काकांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते, पुढे दोन वर्षं सल्लागार म्हणून ठेवायचं जवळपास ठरलं होतं आणि त्यांना ते मनापासून हवं होतं. माझं प्रोबेशनही संपत आलं होतं. बाईंनी विचारलं, "ही चूक कोणाची?"

"माझी," काका म्हणाले. "साच्यावर एकदा उभ्या धाग्यांचा ताणा चढवला, की तो संपेपर्यंत पन्हा बदलत नाय. ते डोक्यात इतकं पक्कं, की हय बदलू शकतो हे मी तपासलंच नाय. पोरीने माझ्या शिकवण्याप्रमाणे लिहिलं."

दुरुस्ती मात्र त्यांनी माझ्याकडून करून घेतली. प्रत्येक बदलासोबत तो का केला याची नोंद लिहावी लागते. तिच्यात दुरुस्ती माझ्या नावावर आणि चूक स्वतःच्या नावावर, असं त्यांनी शब्द सांगून लिहवून घेतलं. मी कायम झाले. त्यांच्या सल्लागारपदाबद्दल नंतर कोणी बोललं नाही.

शेवटच्या दिवशी मला राहवलं नाही. ते खण रिकामा करत होते. मी म्हटलं, "काका, मला ते माहीत होतं. तक्रार येण्याआधी मी ती ओळ वाचली होती."

"माहीत हा माका," ते म्हणाले. "मीटिंगच्या आदल्या दिवशी मॅन्युअलचे तुझे छापील कागद वाचायला नेलेले. त्या ओळीखाली तू दोनदा रेघ मारलेली."

"मग तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

त्यांनी चष्म्याचं घर खिशात टाकलं. "तुझं नाव घेऊन काय झालं असतं? तुका दिसलं, तरी माझ्यापुढे तोंड उघडूची भीती वाटली. मग शिकवलं काय मी तुका? ती चूक त्या प्रोग्रामापेक्षा मोठी, आणि ती माझीच."

मी तिथेच रडले. त्यांनी मला रडू दिलं आणि लिफ्टकडे गेले.

आता माझ्या हाताखाली पाच जण आहेत. मी काही बोलले आणि सगळ्यांनी लगेच माना डोलावल्या, की मला धडकी भरते. त्यातल्या सगळ्यात नव्या माणसाकडे वळून मी विचारते, "तुला काय दिसतंय?" आणि तो बोलेपर्यंत थांबते.