उजव्या चाकाचं हब

मोरेश्वर पाटणकर तापट आहे हे टेक्ससच्या अर्विंगमधल्या मराठी मंडळींत कुणाला वेगळं सांगावं लागत नसे. गणपतीत कुणी आरती भलत्याच चालीत सुरू केली, की हा बुवा टाळ खाली ठेवून तरातरा बाहेर! मूळचा कराडचा, वय पंचेचाळीस, लग्न केलेलं नाही, टेलिफोन कंपनीत सॉफ्टवेअरची नोकरी. पण एकदा कुणाला मित्र म्हटलं, की जन्माचा चिकटणारा. आणि असा मित्र त्याला एकच होता, विनय गुल्हाने. हा नागपूरचा, त्याच कंपनीतला, पलीकडच्या गल्लीत राहणारा.

विनयच्या गराजमध्ये दोघं मिळून गेली काही वर्षं एक गाडी बांधत होते. बांधत म्हणजे अगदी खरोखर. अशा गाडीला किट कार म्हणतात. बॉडी आणि सुटे भाग खोक्यांतून घरी येतात, ॲक्सल, म्हणजे चाकांचा आस, वगैरे एखाद्या जुन्या मोडीतल्या गाडीचं घालायचं, आणि पुढे तुम्ही आणि तुमचं नशीब. दोन सीटं, वर छप्पर नाही, रंग लिंबासारखा पिवळाधमक. विनयची बायको उत्तरा म्हणायची, "एवढ्यात माझी दोन बाळंतपणं झाली असती, भाऊजी."

घाई अशी कधी नव्हतीच. ती लागली सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात, विनयच्या डोळ्यांचं निदान झालं तेव्हा. आतला पडदाच हळूहळू मरत चाललाय, त्याला औषध नाही, असं डॉक्टर म्हणाले. कडेचं दिसणं आधी जाणार, मग समोरचं. दसऱ्यानंतरच्या तपासणीत डॉक्टर त्याचं गाडी चालवणं कायमचं बंद करणार, हे ठरल्यातच जमा होतं. विनयने रस्त्यावर चालवणं स्वतःहून आधीच सोडलं होतं. त्याचं मागणं एवढंच होतं, "अबे मोरू, ऑफिसचं पार्किंग लॉट शनिवारी रिकामं असतं. तिथे एकदा, फक्त एकदा, मी ही गाडी चालवणार. मग अंधार झाला तरी चालेल."

"अभद्र बोलू नकोस," मोरेश्वर खेकसला होता. पण त्या दिवसापासून त्याची झोप उडाली.

दसरा शनिवारी होता. म्हणजे दिवस तोच धरायचा. इंजिन सुरू झालं, ब्रेक लागले, आणि गाडी गराजबाहेर जेमतेम निघाली तोच मागचं उजवं चाक किंचाळायला लागलं. वर डगडग हलतंय! आतलं बेअरिंग गेलेलं. ते बदलायचं तर आधी हब काढायला हवं. बैलगाडीच्या चाकाला मधोमध तुंबा असतो ना, तसाच हा लोखंडी तुंबा. ॲक्सलच्या निमुळत्या टोकावर तो घट्ट ठोकून बसवलेला असतो, आणि या पठ्ठ्याने तिथे तीस वर्षं काढलेली. गंजाने दोन्ही लोखंडं एकजीव झाली होती. नवं बेअरिंग तेवढं तयार होतं. थंडीने आकसलं की सोपं बसतं म्हणून विनयने ते उत्तराच्या फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी ठेवून दिलं होतं.

मग सुरू झाले हाल. तेल सोडून पाहिलं. गॅसच्या ज्योतीने तापवून पाहिलं. पुलर लावला, म्हणजे तीन पायांनी हबला धरून ॲक्सलच्या टोकावर स्क्रू दाबत त्याला बाहेर ओढणारं यंत्र. त्याचा एक पायच तुटून भिंतीवर आदळला. हब जागचं हललं नाही. विनय निदानापासून रजेवरच होता; मोरेश्वरचं ऑफिस सुटलं की रोज संध्याकाळी दोघं तिथे पडीक, आणि विनयचं एकच टुमणं, "दिवा नीट धर रे."

"धरलाय की!"

"नीट धर. काही दिसत नाही."

गुरुवारी मोरेश्वरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "डोळ्यांत घालू का दिवा तुझ्या?" असं तो ओरडला आणि तत्क्षणी त्याने जीभ चावली. विनय खाली वाकून हब चाचपत राहिला. तेच मोरेश्वरला जास्त लागलं. राग कुणावर काढणार? त्याने हातोडा उचलला आणि सरळ ॲक्सलच्या टोकावर दणादण घाव घातले. नट काढलेला, टोक उघडं! शिकाऊ पोरसुद्धा करणार नाही असली चूक. टोकावरचे आटे चेपले. आता हब निघालं तरी नट बसणार नव्हता, आणि नटाशिवाय चाक राहणार नव्हतं.

"मी वाट लावली," मोरेश्वर हातोडा टाकून मटकन खाली बसला. "विन्या, मीच सगळ्याची वाट लावली."

विनय त्याच्या शेजारी मांडी घालून बसला. बारीक कानस घेऊन तो एकेक आटा नखाने चाचपत सरळ करू लागला. मान भिंतीकडे वळवलेली, बोटं मात्र अचूक. काय हात आहे या माणसाचा, असं मोरेश्वरच्या मनात आलं. भाड्याने आणलेला दणकट पुलर मग त्यांनी चढवला, पान्याला पाइप लावून दोघं त्यावर लोंबकळले, आणि पाइप वाकला तेव्हा कुठे थांबले. हब तसंच. ताणलेला पुलर तसाच लावून ठेवून मोरेश्वर घरी गेला.

शुक्रवारी रजा टाकून सकाळी येतो, तर काय! गराजमध्ये पाटावर लाल कापड, त्यावर पाने, पक्कड, कानस, हातोडा ओळीने मांडलेले. सगळ्यांना हळदकुंकू. उदबत्ती सुरू.

"वहिनी, हे काय?"

"खंडेनवमी नाही का आज? आज हत्यारांना विश्रांती. उद्या उत्तरपूजा झाली की घ्या."

"अहो, दसरा उद्यावर आलाय! आजचा दिवस गेला तर संपलंच सगळं!"

"माझ्या सासऱ्यांनी जन्मभर पाळलंय, भाऊजी. घरात आधीच काय चाललंय ते तुम्ही बघताय. या वर्षी मी काही मोडणार नाही." तिचे डोळे भरून आले होते. पुलर काही निघेना म्हणून तिने त्यालाही तिथेच कुंकू लावून झेंडूचं फूल वाहिलं होतं.

मोरेश्वरने आशेने विनयकडे पाहिलं. "राहू दे, मोरू," तो म्हणाला.

राहू दे! इतक्या वर्षांची मेहनत, आणि राहू दे! मोरेश्वर पायरीवर जाऊन बसला आणि चक्क रडला. हा बिचारा आयुष्यभर दुसऱ्याची गाडी ऐकत बसणार, आणि याची एवढीशी इच्छा एका गंजक्या तुंब्याने अडवून धरली! देवाने तरी इतकं कोतं असावं?

दुपारी तिघं जेवायला बसले. उत्तरा भात वाढत होती, आणि गराजमधून धाडकन आवाज आला. बंदूक उडावी तसा. पलीकडची म्हातारी दार उघडून ओरडली, "पोलीस बोलावू का?"

मोरेश्वर खरकट्या हाताने धावला. हब पुलरसकट जमिनीवर पडलं होतं, फूल अजून त्यावर चिकटलेलं. घाव घालून जे सुटलं नाही, ते नुसतं ताणात ठेवल्यावर आपणहून सुटलं होतं. "सुटलं रे विन्या, सुटलं!" तो नाचत सुटला. विनय भिंतीला हात लावत लावत सावकाश आला, खाली बसला आणि दोन्ही हातांनी हब चाचपून हसला.

शनिवारी सकाळी उत्तरपूजा झाली. मटारशेजारचं बेअरिंग बाहेर निघालं, हब चढलं, आणि विनयने सरळ केलेल्या आट्यांवर नट सुतासारखा सरळ फिरत गेला. चाक आता मुकाट फिरत होतं. उत्तराने गाडीला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. पार्किंग लॉटपर्यंत मोरेश्वरनेच चालवत नेली. लॉट मैदानासारखं रिकामं, वर टेक्ससचं लख्ख ऊन, डोळे दिपवणारं. दोघांनी जागा बदलल्या.

विनयने स्टिअरिंगवर हात ठेवले. इंजिन सुरू होतं, पण गाडी हलेना.

"चल की! आता काय मुहूर्त बघतोस?"

"मोरू," विनय शांतपणे म्हणाला, "समोर काय आहे?"

"समोर? म्हणजे?" मोरेश्वर हसायला गेला, आणि हसू तिथेच थिजलं. भिंतीकडे वळलेली मान. नखाने चाचपलेले आटे. दिवा नीट धर. दिवा कधी वाकडा नव्हताच. "विन्या... कधीपासून?"

"गणपती झाले तेव्हापासून. सांगितलं असतं, तर तू काम थांबवलं असतंस."

मोरेश्वरला ओरडायचं होतं, शिव्या द्यायच्या होत्या, खाली उतरून पळून जायचं होतं. त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि सीटवर ताठ बसला.

"रिकामं आहे," तो म्हणाला. "सगळं रिकामं आहे. सोड क्लच."

पिवळी गाडी हलली. "सरळ... सरळ... आता थोडी डावीकडे. अजून. शाबास! दाब आता, दाब!" विनय मोठ्याने हसत होता. मोरेश्वरच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण आवाज त्याने जराही कापू दिला नाही. पेट्रोलचा काटा तळाला टेकेपर्यंत तो समोरचं सगळं सांगत राहिला.