चौदा कार्डांचा कारभारी

मानाती गावच्या एदेल्मिरो रोसादोला हजेरी लावायचा भारी नाद. स्वतःची नव्हे, स्वतः तो कुठे वेळेवर पोचल्याचं कुणाच्या स्मरणात नाही. दुसऱ्याची हजेरी लावणं, हा त्याचा आनंद. पाणीखात्यात नोकरीला होता तेव्हा अर्ध्या कचेरीची कार्डं तोच घड्याळात घालून ठोकायचा, आणि अर्धी कचेरी त्या वेळी समोरच्या टपरीवर कॉफीत पाव बुडवत बसलेली असायची. कुणाच्या मयताला गेला की तिथल्या आल्यागेल्यांच्या वहीत अख्ख्या रोसादो घराण्याच्या सह्या वेगवेगळ्या वळणांत करून यायचा. लोक म्हणत, मिरो म्हणजे मदतीला धावणारा माणूस. त्याची आई प्रोविदेन्सिया, जिला सगळी गल्ली मानाने दोन्या प्रोवी म्हणायची, तिला हे ऐकून हसू येई. मिरोला धावताना तिने जन्मात एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हा त्याच्यामागे कुत्रं लागलं होतं.

पेन्शन बसली आणि मिरोला जहाजाचं वेड लागलं. सान हुआनच्या धक्क्यावरून सुटणारी ती बायकापोरांची जहाजं, ज्यांच्यावर पाण्याच्या घसरगुंड्या असतात, आइस्क्रीम फुकट असतं आणि भाताला कसलीच चव नसते, त्यांच्यावर तो वर्षातून एकदा जायचा आणि उरलेलं वर्षभर त्याबद्दल बोलायचा. कप्तानाचं कुठे चुकलं, धक्क्याला जहाज कसं लावायला हवं होतं, हे तो न्हाव्याच्या दुकानात अशा थाटात सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, रात्रभर सुकाणू हाच धरून उभा होता. रात्रभर तो जुगाराच्या यंत्रापुढे असायचा.

या वर्षी त्याने आईलाही नेलं, ते काही उगाच नाही. प्रोविदेन्सियाने हातमोज्यांच्या कारखान्यात डोळे फोडून बांधलेलं एक सिमेंटचं घर होतं, मागे नीरफणसाचं झाड, पुढे रस्ता. रस्त्यामुळे गिऱ्हाईक तयार होतं. मिरो महिनाभर तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसत होता.

"आई, काढून टाक ते घर. आमच्याकडे मागची खोली आहे. रंग देतो, एसी लावतो."

"मागच्या खोलीत तुझी मोडकी सायकल आहे आणि तुझ्या बायकोचं व्यायामाचं यंत्र आहे. त्यावर ती कपडे वाळत घालते."

"हलवू की ते. पण एकटी राहतेस, वय झालंय, कमरेचं हाड असं. रात्री-अपरात्री पडलीस तर कोण येणार?"

"तुझ्याकडे आल्यावर पडले तर कोण येणार?"

"मी आहे ना."

"म्हणूनच विचारते."

मिरोला टोमणे कळत नसत, हे त्याचं भाग्य. शेवटी ती म्हणाली, आधी तुझं जहाज बघते, सफर संपेपर्यंत घराचं सांगते. तिला जहाजाची हौस नव्हती. आपलं पोर म्हातारपणी तरी भरवशाचं झालंय का, ते जवळून बघायचं होतं. आई म्हटल्यावर एवढा मूर्खपणा व्हायचाच.

जहाज सुटण्याआधी संकटाची रंगीत तालीम असते. पूर्वी म्हणे सगळ्यांना भोंगा वाजवून उन्हात उभं करत. आता लोकांचा रसभंग होतो म्हणून एक गाणं करून ठेवलं आहे. त्यात लाइफ जॅकेट घातलेला कापडी पेलिकन नाचतो आणि बुडायची वेळ आली तर काय करायचं ते यमक जुळवून सांगतो. ते गाणं आपापल्या खोलीतल्या टीव्हीवर बघायचं, मग नेमून दिलेल्या जागी जाऊन आपलं जहाजाचं कार्ड दाखवायचं, की झालात तुम्ही वाचायला लायक. प्रोविदेन्सियाने गाणं बघितलं. बाकी कुणी बघितलं नाही. सून नीदिया पापण्या चिकटवत होती, मुली घसरगुंडीवर पळाल्या होत्या, जावई बारमध्ये जागा धरून बसले होते. हातात रंगीत पेला घेतला की आपण पाण्यावर तरंगतो, अशी या लोकांची समजूत असते.

मिरोने तोवर सगळ्यांची कार्डं गोळा करून एका कड्यात ओवली होती आणि ते कडं गळ्यात घातलं होतं. चौदा कार्डं. तुम्ही लोक हरवता, म्हणाला. "जा, मजा करा. हजेरीचं मी बघतो." त्याच्या तोंडावर तेव्हा पाणीखात्यातलं जुनं तेज आलं होतं.

प्रोविदेन्सिया काठी टेकत त्याच्याबरोबर गेली. त्यांची जागा म्हणजे तळाकडच्या मजल्यावरचं नाटकगृह. दारात सुयापा नावाची होंडुरासची एक मुलगी यंत्र घेऊन उभी होती. इतर वेळी ती जेवणघरात ताटं उचलायची. तिच्यापुढे लांबलचक रांग होती आणि रांगेतला प्रत्येक जण आपल्यावर केवढा अन्याय होतोय अशा चेहऱ्याने उभा होता. मिरोने कडं पुढे केलं.

"बाकीचे कुठेत, साहेब?"

"मागे आहेत. हे काय, येतायत. माझी अकरावी सफर आहे, पोरी, मला सगळं माहितीय."

सुयापाने मागे पाहिलं. मागे दुसरंच कुणीतरी कुरकुरत होतं. तिने चौदाच्या चौदा कार्डं यंत्राला लावली आणि यंत्राने चौदा वेळा हिरवं केलं. एवढ्यासाठी कोण वाद घालणार? ताटं तिची वाट बघत होती.

"पोरी, मला जिना उतरवत नाही," प्रोविदेन्सिया म्हणाली. "खरंच काही झालं आणि लिफ्ट बंद पडली, तर मला इथवर कोण आणणार?"

"आजी, मदत लागते असं तुम्ही आधी कळवलंय का? कळवलं असेल तर आमची माणसं खुर्ची घेऊन येतात."

"छे छे, ठणठणीत आहे ती," मिरो मध्येच म्हणाला. "आणि मी आहे ना. मी आणीन."

"मग मुलगा आणेल, आजी," असं म्हणून सुयापाने पुढच्याला बोलावलं.

प्रोविदेन्सिया काठी टेकत बाजूला झाली. चारचौघांत आपण लंगडतो हे सांगायची तिलाही लाज वाटली, हे खरं आहे. आणि मुलाने तोंडाने "मी आणीन" म्हटलं होतं, ते तिला ऐकायला बरं वाटलं, हेही तितकंच खरं. त्याबद्दल ती पुढे स्वतःवर फार चिडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी, जमीन कुठेच दिसत नसताना, भोंगा झाला. आखूड, आखूड, आखूड, आणि मग एक लांबच लांब. प्रोविदेन्सिया खोलीत एकटी पायाला तेल लावत बसली होती. तिने दार उघडलं तर बोळात जळका वास होता. कपडे वाळवायच्या यंत्राला आग लागली होती आणि ती तासाभरात विझली, हे सगळं नंतर कळलं. तेव्हा फक्त वास होता आणि पळणारी माणसं. तिने गाण्यात पाहिलेलं आठवून लाइफ जॅकेट घातलं, पट्टे आवळले आणि पलंगाच्या कडेला बसली.

खोल्या झाडणाऱ्या नोकराने दार ठोठावलं. "आजी, खाली चला. कुणी आहे का न्यायला?"

"मुलगा येतोय माझा."

हे ती इतक्या ठामपणे म्हणाली की तो पुढच्या दारावर गेला. आणि ती बसून राहिली. चपला घालून, काठी मांडीवर घेऊन. बोळातले आवाज कमी होत गेले. दर वेळी पावलं वाजली की तिला वाटे हा मिरो, आणि दर वेळी ती पावलं पुढे जात. वास वाढला तशी ती उठली. मनातल्या मनात तिने मुलाला ज्या शिव्या दिल्या त्या त्याच्या बापालाही कधी दिल्या नव्हत्या.

लिफ्ट बंद होती. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ती बसली, आणि रांगती पोरं उतरतात तशी एकेका पायरीवरून ढुंगणाने खाली सरकू लागली. शेजारून लोक उतरत होते. एकाच्या हातात तळलेल्या बटाट्यांची ताटली होती, एक बाई पळता पळता स्वतःचे फोटो काढत होती. दोन मजले असे गेल्यावर पोहण्याच्या चड्डीतला, पाणी निथळणारा एक ढेरपोट्या माणूस थांबला. पोन्से शहराचा होता. घसरगुंडीवरून आरडाओरडा करत येणाऱ्या याच पोटाला प्रोविदेन्सियाने दोन दिवस नावं ठेवली होती.

"मावशी, कुणाबरोबर आहात?"

"कुणाबरोबर नाही."

त्याने तिला बगलेत धरून उरलेले मजले उतरवले. वाटेत त्याला धाप लागली, पण त्याने तिला सोडलं नाही.

नाटकगृहाच्या दारात सुयापाच होती. तिच्याही अंगात जॅकेट होतं आणि ओठ कोरडे पडले होते. "कार्ड, आजी?"

"मुलाकडे आहे. प्रोविदेन्सिया माइसोनेत रोसादो."

सुयापाने नाव शोधलं. "आजी, तुम्ही आलेल्या आहात."

"आत्ताच आले."

"नाही, म्हणजे मघाशीच. हे बघा, हिरवं. तुमच्या मुलाने सगळी कार्डं दिली, सगळे आत बसलेत म्हणाला."

प्रोविदेन्सियाने यंत्राच्या पडद्यावरच्या आपल्या नावाकडे पाहिलं. मग आत पाहिलं. पुढून तिसऱ्या रांगेत मिरो बसला होता, गळ्यात कडं, मांडीवर बॅग. शेजारच्या खुर्चीवर त्याची गवती टोपी ठेवली होती, तिच्यासाठी त्याने जागा धरली होती. आजूबाजूच्यांना तो समजावत होता की हा नुसता वायरीचा वास आहे, अकरा सफरींत त्याने असे वास पुष्कळ घेतलेत.

"म्हणजे मला शोधायला कुणी निघणारच नव्हतं," ती म्हणाली.

सुयापाने यंत्र स्वतःकडे वळवलं.

"खोड ते हिरवं."

"आता कशाला, आजी? आलात ना तुम्ही."

"मी आले. त्याने कार्डावर आणलेली जी आहे, ती आलेली नाही. तिला खोड."

"खोडलं तर नाव पुकारावं लागतं. नियम आहे तसा."

"मग पुकार. आणि मोठ्यांदा पुकार."

सुयापाने एकदा तिच्या मळलेल्या झग्याकडे पाहिलं, आणि माइक उचलला. "प्रोविदेन्सिया माइसोनेत रोसादो. वय ब्याऐंशी. या बाई आलेल्या नाहीत. कुणी त्यांना पाहिलंय का?"

मिरोने मागे वळूनही न बघता हात वर केला. "आहे, आहे. हजर आहे. रोसादो मंडळी सगळी हजर."

त्याची मुलगी यारित्सा रांगेवरून नजर फिरवत म्हणाली, "बाबा, आजी कुठाय?"

"तुझ्या आईजवळ."

"माझ्याजवळ?" नीदिया म्हणाली. "मला वाटलं मुलींबरोबर आहे."

"साहेब, त्या कुठे बसल्यात तेवढं दाखवा," माइक म्हणाला.

"बाथरूमला गेलीय," मिरो म्हणाला. क्षणाचाही विचार न करता म्हणाला. चाळीस वर्षांचा सराव. "येईलच इतक्यात."

"बाथरूम फारच वर होतं मग," दारातून पोन्सेचा माणूस ओरडला. "जिन्यात सापडल्या मला. ढुंगणावर बसून येत होत्या."

कुणीतरी हसलं, आणि मग कुणी हसलं नाही. सगळं नाटकगृह मागे वळलं. सगळ्यात शेवटी मिरो वळला.

प्रोविदेन्सिया काठी टेकत तिसऱ्या रांगेपर्यंत आली. तिने हात पुढे केला. "माझं कार्ड."

मिरो कडं चाचपू लागला. सगळी कार्डं सारखीच होती. नीदियाचं निघालं, जावयाचं निघालं, त्याचं स्वतःचं दोनदा निघालं. शेवटी यारित्साने त्याच्या हातातून कडं ओढून घेतलं आणि आजीचं कार्ड काढून दिलं. रडकुंडीला आली होती ती पोर, आणि यायलाच हवी होती. तिनेही आजीला शोधलं नव्हतंच.

"आई, मी निघणारच होतो," मिरो हळू आवाजात म्हणाला. "हे लोक कुणाला वर सोडत नाहीत. आता चारचौघांत शोभा करू नकोस. तुझी खोली, घराचं, सगळं आपण शांतपणे बोलू."

"घराचं आत्ताच ऐक. मी माझ्याच घरी राहणार."

"एकटी? आणि काही झालं म्हणजे?"

"शेजारी एल्बा राहते माझ्या. तोंडाळ बाई, कुंपणावरून आमचं बारा वर्षं भांडण आहे. पण सकाळी माझी खिडकी उघडली नाही, तर ती रस्त्यात उभी राहून माझं नाव घेऊन बोंबलते. आणि मी स्वतः ओ देईपर्यंत तिथून हलत नाही."