मामाची ठिपक्यांची अक्षरं

आमचा मामा ग्रंथालयात कामाला होता. काम काय, तर अक्षरं भरणं! हसू नका, खरंच सांगतेय. तिथली जुनी टर्मिनलं म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड असलेली ढिम्म खोकी. त्यांना आपली अक्षरं यायचीच नाहीत. मामाने चौकटींच्या कागदावर एकेक ठिपका भरून ती घडवली आणि फ्लॉपीवर चढवली. पण खोकी महाविसरभोळी, वीज गेली की सगळं साफ. म्हणून रोज सकाळी वाचक यायच्या आधी मामा प्रत्येक खोक्यात अक्षरं भरत फिरायचा. सुट्टीत मीही त्याच्या मागे मागे असायची. एकेक पडदा हिरवा व्हायचा आणि मामाची कॉलर ताठ व्हायची. काय दिवस होते ते!

पुढे नवे संगणक आले आणि टर्मिनलं भंगारात निघाली. मामाने एक घरी आणलं, त्यात अक्षरं भरली, वीज गेली तरी ते चालावं म्हणून घराला इन्व्हर्टर बसवला आणि ते पुन्हा कधी बंद म्हणून केलं नाही. मामी म्हणायची, "सवत आहे ती माझी. ती दिवसरात्र चालू, आणि मी पंखा लावला की ह्यांची विजेवरून बोंबाबोंब!"

यंदा दोघांनी लेकीकडे राहायला जायचं ठरवलं. सामान बांधताना बघतो तर सगळ्या फ्लॉप्यांना बुरशी, आणि ते कागद तर कधीच रद्दीत गेलेले. मामा मटकन खाली बसला. टर्मिनल न्यायचं तर बंद करावं लागणार, आणि बंद केलं की त्याची अक्षरं कायमची गेली. ती आत भरता येतात, बाहेर काढता येत नाहीत. मी मोठ्या तोऱ्यात फोटो काढला. त्यात नुसता हिरवा उजेड. डोंबल!

"ठिपके बघून पुन्हा भरता येतील," मामा म्हणाला, "पण ह्या मोतीबिंदूत मला दिसतंय कुठे?"

"सरका," मामी म्हणाली, आणि भिंग घेऊन पडद्याला नाक लावून बसली. "भरलेला, भरलेला, रिकामा..." ती सांगायची आणि मामा माझ्या लॅपटॉपवर चाचपडत टाइप करायचा.

"अगं, हळू!"

"अहो, तुमची बोटं हलवा जरा!"

असं कितीतरी दिवस चाललं. चहा करून करून मी मेटाकुटीला आले. शेवटचं अक्षर झालं तेव्हा मामाने स्वतःच्या हाताने बटण बंद केलं. मला तर रडूच आलं.

लेकीच्या घरी टर्मिनल लावलं. अक्षरं भरली आणि ती एकामागून एक पडद्यावर आली. ठिपके नाही, तरी अक्षरांची वळणं ओळखत मामा भिंगातून बघत होता. मधेच थांबला.

"हा ळ माझा नाही."

"नाहीच. तुमचा कुबडा होता. मी दोन ठिपके हलवले."

मला वाटलं, आता भडकतो. पण तो मामीकडे बघतच राहिला.

"तुला कुबडा वाटायचा? मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

मामा उठला आणि त्याने आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"बस. आणखी कुठलं अक्षर खटकतं, सांग."