बॅलेवाल्या मुलींची सेवाज्येष्ठता

विषय : दूरदर्शनवरील बॅले नर्तिकांच्या इंग्रजी मालिकेबाबत कार्यालयीन प्रेक्षकांचे अभिप्राय.
संदर्भ : टंकलेखिका साळवेबाई यांचा, टायपिंगऐवजी कारकुनी काम मिळण्याबाबतचा अर्ज.

विषयाचा आणि संदर्भाचा संबंध काय, असं विचाराल. सांगतो. नाशिकच्या एका सरकारी कचेरीत मी कारकून होतो. कचेरीत दोनच गोष्टी आपोआप साठतात : फायली आणि किस्से. निवृत्तीच्या दिवशी फायलींचा चार्ज दिला, सुटलो. किस्से मात्र सही करून ताब्यात घ्यायला कोणी तयार होईना!

ऐंशीच्या दशकात आमच्या क्वार्टर्समधल्या क्लबात टीव्ही आला आणि रविवारी दुपारी ही मालिका लागू लागली. परदेशातली बॅले कंपनी, पडद्यावर कायम अंधार, छडीवाला म्हातारा मास्तर आणि एकमेकींच्या जिवावर उठलेल्या मुली. इंग्रजी आम्हाला पत्रव्यवहारापुरतं येई. कथा समजली नाही की आम्ही ती सेवानियमांत बसवून घ्यायचो.

त्याच सुमारास साळवेबाईंची बोटं सुजू लागली होती. वीस वर्षं टाइपरायटर बडवून सांधे आखडले होते. डॉक्टर म्हणाले, "टायपिंग थांबवा, नाहीतर उद्या वेणी घालायलाही दुसऱ्याला बोलवावं लागेल." बाईंनी रीतसर अर्ज केला.

*

मालिकेतली मुख्य नर्तिका आजारी पडून रजेवर गेली आणि मास्तरने तिची भूमिका कालच्या पोरीला दिली. आमचे आस्थापना शाखेचे जोशी खुर्चीतून उठलेच.

"हा सरळसरळ अन्याय आहे! ज्येष्ठता यादी कुठंय?"

"जोशी, तो नाच आहे," मी म्हणालो.

"असू दे. बाईने अपील केलं पाहिजे!"

पुढच्या रविवारी त्या मुख्य नर्तिकेने नव्या पोरीला जिन्यावरून ढकलून दिलं. जोशींनी चष्मा पुसला.

"अपिलाची तरतूद नसली की असं होतं."

*

हेडक्लार्क देवरेभाऊसाहेब नामपूरकडचे. ड्राफ्टमध्ये शुद्ध मराठी, जीव कळवळला की अहिराणी. पायाच्या अंगठ्यांवर गिरक्या घेणारी पोर पाहून ते पुटपुटले, "हाई पोर नाची नाची मरी जाई!"

मग भानावर येऊन मला म्हणाले, "काय हो, त्या मास्तरकडे वरून इन्स्पेक्शनला कोणीच येत नाही?"

*

शिपाई सोनवणे सिन्नरचा. नृत्यात त्याला रस नव्हता, प्रकृतीत होता.

"लय वाळल्यात ह्या पोरी. डबा नाय आणत का कोणी?"

तेवढ्यात पडद्यावर एकीने जेवणाची बशी कचऱ्यात उपडी केली. सोनवणे ताडकन उठला. "अन्न टाकणाऱ्याचं मी बघत नाय!" चपला घालून चालता झाला.

पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन पुढच्या रांगेत बसलेला! विचारलं, काय रे?

"ती जेवली का, तेवढं बघून जातो."

*

मग तो भाग आला. नाचणारीच्या अंगठ्याचं हाड मोडलेलं. तिने पट्टी आवळली, बूट चढवला, स्टेजवर जाऊन हसत हसत नाचली. बूट काढला तर आत रक्त.

"वेडी आहे," जोशी म्हणाले. "वैद्यकीय रजा शिल्लक असणार तिची!"

मागच्या रांगेतून साळवेबाई बोलल्या. क्लबात पहिल्यांदाच. "जोशीसाहेब, रजेवर गेली की भूमिका जाते. मागे एकीची गेली, तिला तुम्हीच अपील सुचवलंत ना?"

सगळे हसले. बाईही हसल्या. हात पदराखाली होते.

*

बाईंचा अर्ज साहेबांपुढे गेला. शेरा आला : 'प्रमाणपत्र पाहिले. प्रत्यक्ष कामात काय अडचण येते, याचा खुलासा अर्जदाराकडून मागवावा.' पत्राचा मसुदा मी केला. कचेरीत टंकलेखिका एकच. मसुदा नेऊन बाईंच्याच टेबलावर ठेवला.

"बाई, तुम्हालाच जायचंय हे पत्र."

"प्रती किती?"

"तीन."

त्यांनी कार्बन लावले. जोशी खुर्ची ओढत जवळ आले. "बाई, हीच संधी आहे. चार-पाच चुका करा. तोच पुरावा!"

खाडाखोड दिसली की फाइल भिरकावणारे देवरेभाऊसाहेबसुद्धा हळूच म्हणाले, "करा बाई. मी काही बोलणार नाही."

बाईंनी दोन बोटांना पट्टी बांधली. एरवी दहा मिनिटांचं काम, तासभर चाललं. एकेक अक्षर थांबून थांबून उमटत होतं. सोनवणे दोनदा पाणी ठेवून गेला. कागद हातात आला तेव्हा मी ओळीखाली फूटपट्टी धरून वाचला. एक चूक नाही. समास दोरीने आखल्यासारखा!

"बाई, काय केलंत हे?"

"नाही हो जमलं. एकदा चुकीचं अक्षर मारायला बोट उचललं, ते खालीच येईना."

साहेबांनी पत्रावर सही केली आणि फायलीत लाल शाईने लिहिलं : 'सदर पत्राचे टंकलेखन निर्दोष आहे. अडचण दिसून येत नाही. तथापि वरिष्ठ कार्यालयाचे मार्गदर्शन घ्यावे.'

मार्गदर्शन मागवणारं पत्रही बाईंनीच टाइप केलं. त्याची तीन स्मरणपत्रंही. मी निवृत्त झालो त्या दिवशी अर्ज विचाराधीन होता.