काजव्यांची सहल आणि भावकीचा विमा

घराचं लोखंडी फाटक, बायकोचं शेवयांचं यंत्र, गोठ्यातले सौर दिवे आणि आमच्या जुन्या व्हॅनच्या डिकीत घडी होऊन बसणारं स्वयंपाकघर, हे सगळं मी माझ्या हातांनी केलंय. आयटीआयचं तोंड पाहिलेलं नाही. वेल्डिंग बघून शिकलो, वायरिंग झटके खाऊन. त्यामुळे 'काका, हे तुम्हाला नाही कळायचं' असं कोणी म्हणालं की मी ते आधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो आणि मगच नको म्हणतो.

या खेपेला हे वाक्य पुतण्या सागर बोलला. तो विमा विकतो.

बेत साधा होता. कोल्हारहून भंडारदरा, दोन रात्री तंबूत, काजवे बघायला. पैसे आगाऊ भरलेले, परत न मिळण्याच्या अटीवर. काजवे उन्हाळा सरताना जेमतेम दोन-तीन आठवडे दिसतात. हुकले की वर्ष गेलं. मंगलची, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींची, अशी तीन वर्षं गेली होती. दर वेळी बॅग भरून दारात आली आणि भावकीत कोणीतरी वारलं. आमच्या आडनावाचं कुठलंही घर असो, दहा दिवस सुतक. सुतकात सहलीला गेलेल्या माणसाला गाव जन्मभर त्याच नावानं ओळखतं. आणि यंदा आप्पांनी अंथरूण धरलं होतं. आप्पा म्हणजे माझ्या आजोबांच्या चुलत भावाचे चिरंजीव.

"काका, चारशे रुपयांत दोघांचा प्रवासविमा," सागर म्हणाला. "दवाखाना, गाडी बंद पडणं, घरात दुःखद घटना, सगळं आलं त्यात."

सगळी पानं वाचली. दुःखद घटनेत नवरा-बायको, आईवडील, मुलं, भाऊबहीण. पुढे पूर्णविराम. मग कंपनीला फोन लावला.

"सर, दिवंगत व्यक्ती आपली कोण?" पलीकडून एका मुलीचा आवाज.

"अजून दिवंगत नाही. आजोबांच्या चुलत भावाचा मुलगा."

"मग सर, तुमच्या ट्रिपला काय अडचण?"

"सुतक."

थोडा वेळ नुसतंच संगीत वाजलं. "सर, ते आधीपासूनच्या आजारात येतं का?"

"नाही ताई, ते भावकीत येतं."

विमा घेतला नाही. मंगल म्हणाली, "कंपनीला विचारून झालं. आता ज्यांच्यावर सगळं अडलंय त्यांनाच विचारू." वाटीभर खीर घेऊन ती आप्पांकडे निघाली, मागून मी.

"कुठं निघालाय?" आप्पांनी विचारलं.

"काजवे बघायला."

"पैसं दिऊन?"

"हो."

"येडं हाय हे पयल्यापासून," ते मंगलला म्हणाले. "तू जा गं. मी कुठं पळून चाललो न्हाई. रविवारपतोर तर न्हाईच."

"आप्पा, असं बोलू नये," त्यांचा मुलगा बाळासाहेब कळवळला.

"तू गप. खीर हाय का अजून?"

शुक्रवारी सकाळी निघालो. लोणी, संगमनेर, अकोले, राजूर. अकोल्यापर्यंत रस्ता छान. राजूरच्या पुढे वळणं आणि खड्डे, दोन्ही मन लावून केलेले. अकोल्यात मिसळ सत्तर रुपये, रस्सा मागाल तितका. डिझेल राजूरलाच भरा आणि नोटा जवळ ठेवा, पुढे मोबाईलला रेंज सापडेलच असं नाही. बॅटरीच्या काचेवर लाल कागद लावा, काजव्यांना उजेड सोसत नाही. मी तो लावला होता. बाकीच्यांनी लावला नव्हता. त्या संध्याकाळी काजव्यांपेक्षा हेडलाइट जास्त चमकले. एका गृहस्थानं काजव्यांचा फोटो फ्लॅश मारून काढला आणि वर 'काही आलंच नाही' म्हणाला.

"उद्या दिवेलागणीलाच जाऊ, गर्दी सोडून आतल्या बाजूला," मंगल म्हणाली.

शनिवारी दुपारी रतनवाडीच्या देवळातून परतताना फोन वाजला. बाळासाहेब होता.

"आप्पा सकाळपासून बोलंनात. तू येतूस का?"

मंगलनं ऐकलं. तंबूत शिरून तिनं कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. रडली असती तर समजूत घातली असती. घड्या फार व्यवस्थित होत्या, सरावाच्या.

निघतोय म्हणून सांगायला मी तंबूवाल्या सोमनाथकडे गेलो. तिथून परत तंबूकडे न येता रेंज मिळणाऱ्या खडकावर चढलो.

"डॉक्टर काय म्हणतात?" मी बाळासाहेबाला विचारलं.

"या वयात काय म्हणायचं? नाडी बरी हाय."

"मग उद्या दुपारी पोचतो. आप्पांनी रविवार दिलाय."

"भावकी बोलंल."

"बोलू दे. आल्यावर समोर बसून ऐकतो."

खाली येऊन मंगलला म्हणालो, "पाण्याची बाटली भर. दिवेलागणीला निघायचंय." तिनं बॅगेतली शाल परत बाहेर काढली.

सादड्याचं एक झाड खोडापासून शेंड्यापर्यंत उजळायचं, विझायचं, की शेजारचं पेटायचं. मी वायरिंगचा माणूस. एवढे दिवे एका तालात चालू-बंद कसे होतात याचा हिशोब लावत बसलो आणि तो मोठ्यानं सांगू लागलो.

"जरा गप्प बसून बघा ना," मंगल म्हणाली. माझं मनगट तिनं घट्ट धरलं होतं, घसरणीची वाट असल्यासारखं. वाट सपाट होती.

रविवारी थेट आप्पांच्या दारात गाडी लावली. त्यांनी एक डोळा उघडला. "आलं का येडं," म्हणाले आणि मंगलकडे वळले. ती त्यांच्या कानाशी वाकून बराच वेळ सांगत राहिली. बुधवारी ते गेले. दहाही दिवस मी भावकीत बसलो. 'या, काजवेवाले' असं स्वागत झालं. ते आता कायमचं.

विमा घ्यावा का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर: विमानानं किंवा लांब जात असाल, तब्येत नाजूक असेल, तर बिनधास्त घ्या. फक्त नातेवाइकांची व्याख्या वाचा. मंगल अजून संध्याकाळी दिवा लावायच्या आधी अंगणात थोडी थांबते. त्याची नोंद कुठल्या पानावर होत नाही.

एक गोष्ट तिला सांगितलेली नाही. ती हा ब्लॉग उघडते ती फोटोत स्वतः बरी आलीय का एवढं बघायला, म्हणून इथे लिहितो. शनिवारी मी निघतोय म्हणालो तेव्हा सोमनाथ म्हणाला होता, "दादा, पुण्याची पार्टी दारात उभी हाय. आत्ता तंबू सोडा, समदं माघारी देतो, कालच्या रातीचं बी." नोटा मोजून हातात धरल्या होत्या त्यानं. मी नको म्हणालो. चार हजार आठशे रुपये.