आईच्या पलंगाशेजारची टाकी

माझा धाकटा भाऊ स्वयंपाकघरातली कपाटं बनवतो. सगळं जग त्याला मिस्त्री म्हणतं, आणि धडधाकट होती तेव्हा आईही मिस्त्रीच म्हणायची. त्याने बसवलेलं दार बोटाने ढकललं तरी आवाज न करता मिटतं, आणि मिटल्यावर कडेला फट म्हणून दिसत नाही. लग्न केलं नाही. मी म्हणायचे, बरंच झालं, बायकोतही फटी शोधत बसला असतास.

आईला अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, तिला समजत असेलही, नसेलही. त्यातलं आम्ही "नसेल" तेवढं ऐकलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना तिच्यासमोरच सांगायचो, काही कळत नाही हो तिला. मी दिवसातून एकदा जाऊन तिला आंघोळ घालायचे, बाकी सगळं मिस्त्री करायचा. भरवणं, कूस बदलणं, अगदी सगळं. असा मुलगा दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही, हे मी भांडतानाही कबूल करते.

मग कुठल्याशा गिऱ्हाइकाच्या घरी कपाटं बसवताना त्याने समुद्राच्या पाण्याची टाकी बघितली आणि खुळावला. आई दिवसभर भिंतीकडे बघते, तिला बघायला काहीतरी पाहिजे, म्हणाला. मी म्हटलं, भिंतीवर चित्र लाव. ऐकेल तर शपथ! हौसेला मोल नसतं म्हणतात ना, तसलीच गत.

टाकीखालचं कपाट त्याने स्वतः केलं. कसं केलं तेही सांगते, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. कुठल्याशा स्वयंपाकघरातून उरलेला भुशाचा दाबलेला बोर्ड त्याने वापरला. बाहेरून गुळगुळीत लॅमिनेट, दारं तेवढी खऱ्या लाकडाची. आतल्या बाजू आणि मागच्या कडा उघड्याच ठेवल्या. त्यांच्या धंद्यात तशीच पद्धत, आतलं कोण बघतंय! वर उभा राहून नाचून दाखवलं, मलाही बळेच वर बसवलं. कपाट हललं नाही. पण तेव्हा ते कोरडं होतं.

मग काचेची टाकी आली. गाळलेल्या पाण्यात पिशवीतलं मीठ ढवळून समुद्र तयार झाला. दगड आले, जिवंत दगड म्हणे. कपाटाच्या पोटात गाळणीची दुसरी छोटी टाकी बसली आणि पंप घुंघुं करू लागला. मासे मात्र लगेच सोडायचे नव्हते. पाणी मुरायला हवं, नाहीतर मरतात. कितीतरी आठवडे आईच्या पलंगाशेजारी, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, ते रिकामं पाणी उभं होतं. मला ते बघवायचं नाही. मनात पाल चुकचुकायची, पण बोलले की मिस्त्री हसायचा.

शेवटी केशरी पट्ट्यांचे दोन मासे आले आणि मीही जरा निवळले. आईची नजर त्यांच्यामागे फिरायची. मिस्त्री तर संध्याकाळी काम टाकून घरी यायचा, तिच्या पायाशी स्टूल घेऊन बसायचा आणि बोलत राहायचा. मी आले की गप्प व्हायचा.

मग कपाटाचं दार घासायला लागलं. त्याने बनवलेलं दार, आणि घासतंय! त्याला ते सोसवेना. रंधा आणला, कड तासली, दार पुन्हा आवाज न करता मिटू लागलं. काही दिवसांनी परत घासलं, त्याने परत तासलं. दमट हवा आहे, लाकूड फुगतं, म्हणाला. लाकूड कसलं फुगतंय? फुगत होता आतला बोर्ड. गाळणीतून उडणारं खारं पाणी उघड्या कडा पीत होत्या, वरचं वजन त्यांना दाबत होतं आणि हा तासत बसला होता दार. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पण तेव्हा हे मला तरी कुठे कळत होतं! कपाटाच्या कडेला पांढरा खारट पापुद्रा धरायचा, तो मी ओल्या फडक्याने पुसायचे आणि मिठाच्या नावाने बोटं मोडायचे.

आई त्याच सुमाराला डावा हात हलवायला लागली. पलंगाच्या दांडीवर थापट्या मारायची आणि टाकीच्या दिशेने बोट करायची. मिस्त्री खूश झाला. मासे भुकेले आहेत असं म्हणतेय, म्हणाला आणि चिमूटभर खाणं टाकलं. आईने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खाणं टाकून टाकून पाणी गढूळ झालं, पण तिच्या थापट्या थांबेनात. वेड लागलं की काय, असं मी तिच्या उशाशी बसूनच म्हटलं.

त्या दुपारी आंघोळीचं पाणी घेऊन खोलीत गेले तर टाकी मला विचित्र दिसली. भिंतीकडच्या बाजूला पाणी काचेच्या काठापासून चांगलं खाली होतं, आईकडच्या बाजूला पार काठाला टेकलं होतं. पाणी काही तिरकं होत नाही. टाकी झुकली होती, आणि आईच्याच अंगावर.

मिस्त्रीला हाक मारली. तो आला तोच हातात रंधा घेऊन, दार परत अडकलं होतं म्हणे. मी ओरडले, दार मरू दे, पाणी बघ. त्याने पाणी बघितलं. मग वाकून कपाटाच्या खालच्या कडेवर अंगठा दाबला. चहात बुडवलेल्या बिस्किटात जावा तसा अंगठा आत गेला. 

"ताई, आईला बाहेर काढ," तो हळूच म्हणाला आणि टाकीला खांदा लावून उभा राहिला.

मी गादीची दोन टोकं धरली, आईसकट गादी जमिनीवर ओढली आणि फरफटत बाहेरच्या खोलीत नेली. एवढा जोर कुठून आला देव जाणे. तिथून ओरडले, सोड आता, ये बाहेर. तो म्हणाला, मासे तेवढे काढतो, तिचे आहेत. एक हात पाण्यात घातला आणि कपाट खाली बसलं. फार मोठा आवाजही झाला नाही. खारं पाणी दारातून वाहत आईच्या गादीखाली आलं, आणि त्यात लाल रंग होता.

आई वाचली. तिच्या पलंगावर काचेचे सुरे पडले होते, ते मी पुढे दोन दिवस वेचत होते. मिस्त्रीच्या उजव्या हाताच्या शिरा तुटल्या. बोटं आता मिटायची नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्याने नुसती मान हलवली. त्याचं लक्ष भलतीकडेच होतं.

"ताई, आईला सगळं कळत होतं का गं?"

"खालच्या कपाटाकडे बोट करत होती रे ती. मासे तर वर होते," मी म्हटलं.

त्याने बँडेजचा हात पोटाशी धरला.

"मी रोज तिच्याशी बोलायचो. कळत नाही म्हणूनच बोलायचो. एकदा म्हणालो, मर ना गं आता, मलाही जगू दे."

मला रडू फुटलं. त्याला जवळ घ्यावं की थोबाडीत मारावी, कळेना.

आता तो त्याच्या कपाटांच्या कारखान्यातच झोपतो, घरी येत नाही. आईचं सगळं मी करते. ती दाराकडे बघत असते. मी सांगते, कामाची गर्दी आहे गं, येईल उद्या. तिला सगळं कळतं हे आता मला ठाऊक आहे, म्हणून हे सांगताना मी तिच्याकडे बघत नाही.