भांडकाकीची खोली

भांडकाकी भांडली नाही असा दिवस उजाडत नसे. दूधवाल्याशी पाण्यावरून, कावळ्याशी वाळत घातलेल्या सांडग्यांवरून, आणि कुणीच नसले तर विहिरीच्या रहाटाशी. तिचे खरे नाव सुभद्रा, पण ते फक्त पोस्टमनला ठाऊक. काका मुंबईला नोकरीत; ते गणपतीला आणि शिमग्याला येत, तेवढे दिवस रहाटाला विश्रांती.

मला रत्नागिरीच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली, तेव्हा आमच्या नाटे गावातून वडील मला घेऊन आले. खोली काही मिळेना. "एकटी मुलगी? नको हो," असे म्हणत झाडगावात दारे बंद झाली, वरच्या आळीतही झाली. "आता हे शेवटचे घर," वडील म्हणाले. "नाही जमले तर परत जायचे." परत म्हणजे नोकरी गेली आणि लग्न आले, हे मला ठाऊक होते.

काकीने पडवीलगतची खोली दाखवली आणि अटी सांगितल्या. विहिरीवर पहिली घागर तिची. वडील म्हणाले, "हो." पाहुणे नकोत. "हो." रस्त्याकडची खिडकी कायम बंद. "हो, हो."

"सगळ्याला हो म्हणणारे बिऱ्हाड मला नको," काकी म्हणाली. "तोंडावर हो, नि मागाहून आळीभर गाऱ्हाणी."

वडील पिशवी उचलू लागले. मला राहवले नाही. "खिडकी बंद ठेवून मी वह्या तपासायच्या कुठे? तुमच्या माजघरात?"

"काय गो, तोंड आहे तर तुला!" काकी खूश होऊन हसली. "हिला ठेवते मी. तुम्ही खुशाल जा."

त्या दिवसापासून आमची रोज एक तरी चकमक होई. मी तापाने फणफणले, तेव्हा मात्र काकी गप्प झाली आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली. पुढे एका सकाळी पेजेची वाटी आपटून ती म्हणाली, "उठायचे आहे की इथेच मुळे धरायची?" मी बरी होणार हे तेव्हा कळले.

शाळेच्या वाटेवर एका ओटीवर पान खात बसलेली मंडळी मला पाहून काहीबाही बोलत. काकी एकदा माझ्याबरोबर आली आणि त्यांतल्या एकासमोर थांबली. "काय रे, तुझ्या पोरीला बाराखडी कोण शिकवते? हीच ना? मग तूही ये की पाटी घेऊन." पुढच्या आठवड्यात त्या ओटीवरून आमच्याकडे फणस आला. कापा सोडून गिळगिळीत बरका का पाठवला, यावरून काकी पुन्हा भांडून आली.

तीन वर्षांनी मी मुंबईमार्गे पुण्याला ट्रेनिंगसाठी निघाले. काकी बंदरावर आली. आगबोट लांब उभी होती. तिच्यापर्यंत नेणाऱ्या पडावात मी बसले, आणि काकीने खलाशाला धारेवर धरले. पोरीला कडेला का बसवलेस, ट्रंक ओली का केलीस, वल्हे असे धरतात काय! पडाव सुटला तरी ती काठावरून ओरडतच होती. माझ्याकडे तिने एकदाही पाहिले नाही.

"त्यांचे माझे काय वाकडे आहे हो?" बिचारा खलाशी म्हणाला.

"काही नाही," मी म्हटले. मला हसू येत होते, आणि पदराने मी डोळे पुसत होते.